आठ वाट्या, अठ्ठावीस सामने

सोसायटीच्या वार्षिक सभेत सूचना ज्याच्या तोंडून बाहेर पडते, काम त्याच्याच गळ्यात पडतं. हा नियम उपविधींत कुठेही लिहिलेला नाही, म्हणूनच तो पाळला जातो. बारा वर्षं मी या नियमाला वचकून मागच्या रांगेत, पंख्याखाली, तोंडात मिठाची गुळणी धरून बसत आलो. यंदा विषय क्रिकेटचा निघाला आणि गुळणी सुटली.

त्याचं असं झालं. आमच्याकडे दर मे महिन्यात पार्किंगमध्ये अंडरआर्म क्रिकेटचे सामने होतात. गेल्या वर्षी ते बाद पद्धतीनं झाले, म्हणजे हरला तो घरी. आमच्या बी विंगनं त्यासाठी साडेतीनशेला एक असे आठ टी-शर्ट छापून घेतले होते. सहा खेळाडूंचे, दोन राखीव. पाठीवर नाव, नावाखाली नंबर. पहिला सामना संध्याकाळी सातला सुरू झाला आणि सात वाजून अठरा मिनिटांनी आमची स्पर्धा संपली. एका भिडूच्या टी-शर्टावरचा किमतीचा कागद काढायचाही राहून गेला होता. हे दुःख वर्षभर साठलेलं. सभेत सेक्रेटरी म्हणाले, "यंदाही सामने तसेच घ्यायचे ना?" आणि मी बोलून गेलो, "बाद पद्धत कशाला? साखळी घ्या की! सगळ्यांना सगळ्यांशी खेळू दे."

क्षणभर शांतता पसरली. मग टाळ्या वाजल्या. सोसायटीच्या सभेत टाळ्या वाजतात तेव्हा कुणाचा तरी बळी गेलेला असतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. सेक्रेटरींनी इतिवृत्ताच्या वहीत 'संयोजक' या शब्दापुढे माझा फ्लॅट नंबर लिहून टाकला. चहा अजून यायचाच होता.

तसं पाहिलं तर बाद पद्धत म्हणजे सुटसुटीत कारभार. आठ संघ असतील तर सात सामने. विम्बल्डनला एकेरीत १२८ खेळाडू उतरतात आणि १२७ सामन्यांत विजेता ठरतो. प्रत्येक सामना एकाला घरी पाठवतो आणि शेवटी एकालाच ठेवायचं असतं, एवढा सरळ हिशेब. पण विम्बल्डनला हरलेला खेळाडू विमानात बसून आपल्या गावी जातो. सोसायटीत हरलेला माणूस लिफ्टमध्ये बसून आपल्या बाल्कनीत जातो आणि उरलेले सगळे सामने तिथून, मोठ्या आवाजात, पंचांच्या चुका काढत बघतो. पहिल्याच संध्याकाळी निम्मी सोसायटी अशी वर जाऊन बसते. गेल्या वर्षी फायनलला खाली बारा खेळाडू होते आणि वर चाळीस पंच.

साखळीत ही सोय नाही. साखळीत हरलेल्यालाही उद्या परत खाली यावं लागतं.

यंदा संघ आले आठ. ए, बी, सी, डी या चार विंगा, रो-हाउसवाले, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक आणि भाडेकरू. भाडेकरू म्हणजे आयटीतली मुलं. वर्षभर त्यांची ओळख एवढीच, की रात्री एक वाजता जिन्यात बूट वाजतात. प्रत्येक संघानं उरलेल्या सातांशी खेळायचं, म्हणून मी आठ साते छप्पन्न सामन्यांची यादी करून नोटीस बोर्डावर लावली. अर्ध्या तासात ज्येष्ठ नागरिकांचे कप्तान दारात. हे निवृत्त बँक मॅनेजर. सोसायटीत काका पुष्कळ आहेत, पण नुसतं 'काका' म्हटलं की तेच.

"संक्रांतीला तू मला तिळगूळ दिलास आणि मी तुला दिला, तर भेटी किती झाल्या?"

"एक."

"मग तुझ्या छप्पन्नचे निम्मे कर."

अठ्ठावीस झाले. पाच-पाच षटकांच्या सामन्याला पंचवीस मिनिटं धरली तरी सातशे मिनिटं, म्हणजे जवळजवळ पावणेबारा तास. त्यात डी विंगमधली दहा-बारा वर्षांची पोरं आली. "आमची फक्त एकच टीम घ्या ना." एकच टीम! आठ संघांत नववा आला की त्याला आधीच्या आठही संघांशी खेळावं लागतं, म्हणजे एका टीममागे आठ सामने वाढतात. चार संघांचे सामने सहाच होतात, सहांचे पंधरा, आठांचे अठ्ठावीस, दहांचे पंचेचाळीस आणि सोळांचे एकशेवीस. माणसं बेरजेनं येतात आणि कटकटी गुणाकारानं, हे एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना सांगायला नको. शेवटी पोरांना मी प्रत्येक संघात एकेक असं लिंबूटिंबू म्हणून वाटून टाकलं. लिंबूटिंबूनं फिल्डिंग करायची, शेवटी बॅटिंग करायची आणि त्याला कुणी बाद द्यायचं नाही. हा नियम मी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिला. तो पुढे मला महागात पडला.

आता प्रश्न आला, कुणी कुणाशी कधी खेळायचं? एका फेरीत चार सामने, आठही संघ कामाला, अशा सात फेऱ्या जमवायच्या. मी कागद-पेन्सिल घेऊन अंदाजानं जोड्या लावत गेलो. पाच फेऱ्या झकास जमल्या. सहाव्या फेरीला गाडी अडली. जे दोन संघ उरत, ते आधीच एकमेकांशी खेळून मोकळे झालेले. वधू-वर मेळाव्यात संध्याकाळी शेवटची उरलेली दोघं सख्खी भावंडं निघावीत, तसं. चार वेळा खोडलं. रात्री अकराला काकांना फोन केला. ते म्हणाले, "पंगत मांड."

पंगत मी स्वयंपाकघरात, ओट्यावर मांडली. आठ स्टीलच्या वाट्या, चार इकडे, चार तिकडे, समोरासमोर. प्रत्येक वाटीत संघाच्या नावाची चिठ्ठी. समोरासमोर बसले ते एकमेकांशी खेळले, ही पहिली फेरी. आता युक्ती अशी: पहिल्या पाटावरच्या आजोबांचे गुडघे दुखतात, त्यांनी उठायचं नाही. बाकीच्या सातांनी घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक पाट पुढे सरकायचं. टोकाचा माणूस वळसा घालून समोरच्या रांगेत येतो. प्रत्येकासमोर आता नवा माणूस असतो, ही दुसरी फेरी. सहा वेळा वाट्या सरकवल्या, सात फेऱ्या झाल्या. एकही जोडी दुसऱ्यांदा आली नाही, एकही राहिली नाही. सातव्यांदा सरकवल्या तर पंगत पुन्हा पहिल्यासारखी. मी थक्क होऊन पुन्हा पहिल्यापासून सरकवायला लागलो, तोच बायको आत आली.

"विरजण लावायचंय," असं म्हणून तिनं एक वाटी उचलली. आतली चिठ्ठी ओट्यावर झटकली. चिठ्ठी रो-हाउसची होती.

"अगं, ती जागा रिकामी झाली! आता तिच्यासमोर जो येईल त्यानं काय करायचं?"

"गप्प बसायचं," बायको म्हणाली.

काकांनी फोनवर तेच सांगितलं, फक्त शास्त्रीय भाषेत. संघ विषम असले तरी पंगत समच मांडायची आणि एक पाट रिकामा ठेवायचा. ज्याच्यासमोर रिकामा पाट, त्याला त्या फेरीत बाय. सरकता सरकता प्रत्येकजण एकदा आणि एकदाच रिकाम्या पाटासमोर येतो, त्यामुळे कुणी तक्रार करू शकत नाही. तक्रारीबद्दलचा काकांचा अंदाज पुढे चुकला. गणित मात्र चुकलं नाही.

ही पंगत काही काकांनी शोधलेली नाही. बुद्धिबळात असे तक्ते ऑस्ट्रियाच्या योहान बर्गर यांच्या नावानं आजही वापरतात. त्याहून आधी इंग्लंडात थॉमस किर्कमन नावाचे एक पाद्री होते. अशा जोड्या लावण्याच्या गणितात त्यांचं नाव मानानं घेतात. १८५० साली त्यांनी एक कोडं घातलं: शाळेतल्या पंधरा मुली सात दिवस रोज तिघी-तिघींच्या रांगा करून फिरायला जातात. तर कोणत्याही दोघी एका रांगेत दुसऱ्यांदा येणार नाहीत, अशा रांगा लावून दाखवा. एका पाद्र्याला मुलींच्या रांगांची एवढी काळजी का पडावी, असं पुष्कळांना वाटत असेल. मला नाही वाटत. तेही कुठल्या तरी सभेत बोलून गेले असणार.

इंग्रजीत या प्रकाराला राउंड रॉबिन म्हणतात. त्यात रॉबिन नावाचा कुणी खेळाडू नाही. जुन्या काळी ब्रिटिश जहाजांवरचे खलाशी कप्तानाविरुद्ध तक्रारअर्ज लिहीत, तेव्हा सह्या एकाखाली एक न करता गोलात करत. एकाखाली एक केल्या तर पहिली सही दिसते आणि पहिल्या सहीवाल्याला बंडाचा म्होरक्या म्हणून लटकवता येतं. गोलाला पहिलं-शेवटचं काही नसतं. अशा अर्जाला राउंड रॉबिन म्हणत. पुढे ते नाव खेळात आलं. आमच्याकडे पाण्याच्या टँकरच्या पैशांबाबत सेक्रेटरींना अर्ज द्यायचा होता, तेव्हा तो कागद दोन आठवडे दारोदार फिरला. जो तो म्हणे, "बाकीच्यांच्या होऊ देत, मग माझी घ्या." शेवटी पहिली सही तळमजल्यावरच्या आजींनी केली. त्यांना वाटलं, कुरिअर आलं आहे.

मराठीनं साखळी हा शब्द घेतला, तो मला जास्त खरा वाटतो. गोलातल्या सहीत लपायला जागा असते. साखळीत नसते. सी विंगचा तिसरा मजला आणि डी विंगचा तिसरा मजला यांच्या भिंती एकमेकींना लागून आहेत. त्यांच्यात बाथरूमच्या गळतीवरून दोन वर्षं अबोला. दोन्ही घरचे कर्ते पुरुष आपापल्या संघाचे कप्तान. बाद पद्धतीत ड्रॉच्या चिठ्ठ्या काढताना थोडी हातचलाखी केली की असे दोघे समोरासमोर येणं टाळता येतं. गेल्या वर्षी ते टाळलं गेलंच होतं. यंदा दोघांचेही निरोप आले, वेगवेगळे, पण शब्द तेच: "आमची त्यांच्याशी मॅच नको, तेवढं बघा." मी दोघांनाही ओट्यावरची पंगत समजावून सांगितली. सगळ्यांना सगळ्यांशी म्हणजे सगळ्यांना सगळ्यांशी. तिसऱ्या फेरीत ते दोघे टॉसला उभे राहिले. "छापा की काटा?" "काटा." दोन वर्षांतलं हे त्यांचं पहिलं बोलणं. गळती अजून चालू आहे, पण आता ती एकमेकांना सांगता येते.

स्पर्धा सुरू झाली. शनिवार-रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या आत पार्किंगमधल्या त्रेचाळीस गाड्या बाहेर काढायच्या, हा पहिला सामना, तो रोज व्हायचा. मग विटांवर उभे केलेले स्टंप, एक टप्पा एक हात आउट, भिंतीला थेट लागला तर चार, गॅसच्या पाइपाला लागला तर बाद आणि शिवाय बोलणी. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण आमचं अंगण खरंच वाकडं आहे. पावसाचं पाणी गटाराकडे जावं म्हणून बिल्डरनं उतार दिला आहे, त्यामुळे हळू टाकलेला प्रत्येक चेंडू आपोआप लेगस्पिन होतो. महिला मंडळानं हे रोज पहाटे सहाला सराव करून ओळखलं. बाकीच्यांना ते चौथ्या फेरीत, आउट होऊन झाल्यावर कळलं.

पहिल्याच दिवशी ज्येष्ठ नागरिकांनी रो-हाउसवाल्यांना सात धावांनी हरवलं. काय तो जल्लोष! एका आजोबांनी दहा वर्षांनी नातवाला उचललं आणि मग त्या दोघांना उचलावं लागलं. त्याच रात्री पाहुण्यांच्या गाड्या कुणाच्या दारात लावायच्या यावरून रो-हाउसवाल्यांचा कमिटीशी खटका उडाला आणि सकाळी त्यांनी स्पर्धेतून अंग काढून घेतलं. विरजणाची वाटी खरी ठरली.

साखळीतून मध्येच एक कडी निखळली की खरा पेच पडतो. त्यांच्याशी जो खेळून जिंकला, त्याचे गुण धरायचे का? धरले तर बाकीच्यांवर अन्याय, कारण त्यांना ते सोपे गुण मिळायचेच नाहीत. बुद्धिबळात नियम असा आहे, की निम्म्याहून कमी डाव खेळून कुणी बाहेर पडला तर अंतिम गुणतक्त्यात त्याचे निकाल धरत नाहीत. हा नियम मला कुणी सांगितला? काकांनी. ज्येष्ठांचा तोवरचा तो एकुलता एक विजय होता, तो त्यांनी स्वतःच्या लाल पेनानं खोडला. बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस. घरच्या खात्यालाही सवलत नाही.

राहिले सात संघ, एकवीस सामने आणि प्रत्येक फेरीत कुणाला तरी बाय. बायसारखी निरुपद्रवी गोष्ट नाही, असं मला वाटायचं. पण ज्याला बाय, तो म्हणे, "आमची लय गेली." ज्याला नाही, तो म्हणे, "त्यांना विश्रांती मिळाली." पाचव्या फेरीत आमच्या विंगला बाय होती आणि बायकोची मॅच होती, म्हणून त्या दिवशी पोळ्या मी केल्या. त्यांच्या आकाराविषयी महिला मंडळात जी चर्चा झाली, ती इथे अप्रस्तुत आहे.

जिंकल्यास दोन गुण, बरोबरीला किंवा सामना वाहून गेल्यास एकेक, आणि गुण सारखे झाल्यास नेट रनरेट. हे शेवटचं कलमही माझंच. रनरेट म्हणजे आपण षटकामागे किती काढल्या, त्यातून समोरच्यांनी आपल्याविरुद्ध षटकामागे किती काढल्या ते वजा करायचं. ऐकायला सोपं. मेख पुढे आहे. आम्ही ए विंगविरुद्ध एकोणीस चेंडूंत एकोणीस धावांत गुंडाळले गेलो. मी काकांना म्हणालो, "हरलो खरे, पण चेंडूला एक धाव, म्हणजे षटकामागे सहा. वाईट नाही!" काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "सगळे बाद झालात ना? मग षटकं पाचच्या पाच धरायची. एकोणीस भागिले पाच. तीन पूर्णांक आठ." लवकर बाद होणाऱ्याला लवकर घरी जाता येतं, पण हिशेबात तो शेवटपर्यंत उभाच असतो. कर्जाचे हप्ते काकांनी असेच वसूल केले असणार.

या रनरेटनं भल्याभल्यांना रडवलंय. २०१९ च्या विश्वचषकात दहा संघ होते, सगळे सगळ्यांशी खेळले, पंचेचाळीस साखळी सामने झाले. न्यूझीलंड आणि पाकिस्तान यांचे गुण सारखेच, अकरा-अकरा. शेवटच्या सामन्यात पाकिस्ताननं बांगलादेशविरुद्ध ३१५ धावा केल्या. आता उपांत्य फेरी गाठायची तर बांगलादेशला फक्त सात धावांत गुंडाळायला हवं होतं. सात! एवढ्या तर वाइडच्या होतात. आपल्याकडचे क्रीडा पत्रकार याला 'जर-तरचं गणित' म्हणतात. मराठीतलं हे एकमेव गणित, ज्यात नापास होणाऱ्यांनाही शेवटपर्यंत आशा असते. आणि ती अगदीच खोटी नसते. १९९२ मध्ये नऊ संघांच्या अशाच साखळीत हाच पाकिस्तानचा संघ अॅडलेडला इंग्लंडविरुद्ध ७४ धावांत आटोपला होता. पाऊस आला, सामना वाहून गेला, एक गुण मिळाला. साखळीअखेर पाकिस्तानचे गुण नऊ आणि ऑस्ट्रेलियाचे आठ. त्या एका गुणावर पाकिस्तान पुढे गेला आणि अंतिम सामन्यात त्याच इंग्लंडला हरवून चषक घेऊन गेला. म्हणून साखळीत सकाळी कितीही मार खाल्ला, तरी दुपारी आभाळाकडे बघत राहावं.

आभाळाकडे बघायची वेळ आमच्यावरही आली. एका रविवारी वळीव कोसळला. मुंबईत कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते, तेव्हा आपणही खेळू, असं ए विंगचे कप्तान म्हणाले. पण कांगा लीगमध्ये त्रेचाळीस गाडीवाले आडोसा मागायला येत नाहीत. एक दिवस गेला, सगळं वेळापत्रक एकेक दिवस पुढे सरकलं आणि मग माझा फोन वाजायला लागला. कुणाची मुंज, कुणाचं गावचं तिकीट, कुणाची संकष्टी. संकष्टीला उपवास असतो, खेळायला बंदी नसते, असं मी म्हणालो. त्यावर उत्तर आलं, "उपाशीपोटी तुम्हीच धावून दाखवा."

मग आली कुजबुज. भाडेकरू सगळ्यांना धुऊन काढत होते आणि ए विंगशी मात्र दोन धावांनी हरले. ए विंगच्या डावातल्या शेवटच्या षटकात त्यांच्या दोघांनी सोपे झेल सोडले होते. ए विंगचे कप्तान हे त्यांचे घरमालक. "डिपॉझिट परत हवंय ना त्यांना," असं बाल्कनीतून ऐकू आलं. मी चौकशी केली नाही. साखळीत हा रोग जुनाच आहे. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिला दुहेरी बॅडमिंटनच्या चार जोड्या गटसामन्यांत मुद्दाम हरायचा प्रयत्न करताना पकडल्या गेल्या. पुढच्या फेरीत सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून त्या सर्व्हिस नेटमध्ये मारत होत्या. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि चारही जोड्या बाद ठरवल्या गेल्या. त्याच स्पर्धेत आपल्या ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा तीनपैकी दोन सामने जिंकूनही गुणफरकामुळे बाहेर पडल्या होत्या. बाद पद्धतीत मुद्दाम हरणारा वेडा ठरतो. साखळीत तो हिशेबी ठरू शकतो.

शेवटच्या फेरीच्या आधी तक्ता असा झाला, की महिला मंडळानं ए विंगला हरवलेलं, ए विंगनं भाडेकरूंना आणि भाडेकरूंनी महिला मंडळाला. मांजर कुत्र्याला भितं, कुत्रा वाघाला आणि वाघ मांजराला, असा प्रकार. बाकी जे जे समोर आले, त्या सगळ्यांना तिघांनीही चोपलेलं. सर्वांत बलवान कोण हे ठरवण्यासाठी जगातली सर्वांत न्यायाची पद्धत वापरली आणि उत्तर आलं: तिघेही, आणि तिघांपैकी कुणीच नाही. रनरेट बघता महिला मंडळाला शेवटच्या सामन्यात डी विंगला बावीस धावांनी हरवायला हवं होतं. त्या एकोणीस धावांनी जिंकल्या. भाडेकरूंना चषक मिळाला. रनरेटचं कलम कुणी घातलं, याची चौकशी त्या रात्री आमच्याच घरी झाली.

पण त्याआधी प्रमुख पाहुणे. साखळीत फायनल नसते, गुणांवर निकाल लागतो, हे सेक्रेटरींना पटतच नव्हतं. "फायनल नाही, तर पाहुण्यांनी बघायचं काय?" म्हणून पाहुण्यांना शेवटच्या दिवशी सातला, महिला मंडळाच्या सामन्याला बोलावलं. पाहुणे सव्वानऊला आले. तेव्हा एकच सामना उरला होता: बी विंग विरुद्ध ज्येष्ठ नागरिक. दोघांचेही पाच सामन्यांतून शून्य गुण. सहावा कोण आणि सातवा कोण, एवढाच प्रश्न. पाहुण्यांनी हात जोडले, फीत कापली, एक चेंडू खेळले, त्यावर बाद झाले, तो मोजला नाही, आणि खुर्चीत बसून अत्यंत गंभीरपणे फायनल बघू लागले. त्यांना खरं सांगायचं धाडस कुणी केलं नाही. गंमत अशी, की सगळ्यांचे सामने संपलेले, गाड्या बाहेर, जेवणं व्हायची, त्यामुळे त्या सामन्याला अख्खी सोसायटी खाली होती. बाल्कन्या प्रथमच रिकाम्या.

ज्येष्ठांनी एकतीस केल्या. आम्हाला शेवटच्या चेंडूवर तीन हव्या होत्या आणि बॅट माझ्या हातात. मी चेंडू भिंतीच्या दिशेनं फटकावला. त्यानं वाटेत एक टप्पा घेतला आणि ज्येष्ठांच्या बाजूनं उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या लिंबूटिंबूनं तो एका हातात पकडला. मी नियमपुस्तिका मागवली. तिच्यात माझ्याच अक्षरात होतं: 'लिंबूटिंबूला बाद द्यायचं नाही.' लिंबूटिंबूनं दुसऱ्याला बाद करायचं की नाही, याबद्दल चकार शब्द नव्हता. पंच म्हणून उभ्या असलेल्या सेक्रेटरींनी बोट वर केलं. रडीचा डाव खडी, असं एक पोरगं ओरडलं. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते. काकांनी वही उघडली, लाल पेन खिशात ठेवलं आणि निळं काढून ज्येष्ठांपुढे दोन गुण लिहिले.

आम्ही सात संघांत सातवे आलो. पण भाडेकरू चषक घेऊन गेले तेव्हा सहा सामने खेळले होते, आणि शेवटून पहिले आलेले आम्हीही सहाच. गेल्या वर्षी अठरा मिनिटं अंगात घातलेला टी-शर्ट यंदा सहा वेळा धुवावा लागला आणि पाठीवरचा नंबर निघून आला. दोन्ही वर्षांचे सामने मोजले तर सात होतात. साडेतीनशे भागिले सात, सामन्यामागे पन्नास रुपये. हा हिशेब काकांनीही तपासला. बरोबर आहे.

आता सप्टेंबरात पुढची सभा आहे. कुणी तरी उठून 'दुहेरी साखळी' असं म्हणणार, म्हणजे सगळ्यांशी सगळे दोन-दोनदा, एकविसाचे बेचाळीस. तुमच्याही सोसायटीत असं कुणी म्हणालं, तर टाळ्या जरूर वाजवा. फक्त त्याच्या शेजारी बसू नका, आणि चहा येईपर्यंत मिठाची गुळणी सोडू नका.